पेस्ट लावलेल्या टांगत्या पट्ट्यावर वस्तऱ्याची धार का जाते, आणि ती परत कशी आणायची

वस्तऱ्याने घरीच दाढी करायला लागलेल्या माणसाची ही तक्रार जवळजवळ ठरलेली आहे. वस्तरा छान चालत होता. महिना-दीड महिन्याने जरा ओढायला लागला. कुणीतरी सांगितलं म्हणून टांगत्या पट्ट्याच्या, म्हणजे एक टोक अडकवून, दुसरं ताणून ज्यावर वस्तरा फिरवतात त्या पट्ट्याच्या, चामड्यावर धार लावायची हिरवी पेस्ट चोळली, वीस-पंचवीस हात मारले आणि दुसऱ्या दिवशी दाढी अशी झाली की माणूस दिवसभर गालावरून हात फिरवत बसला. पंधरा दिवसांनी पुन्हा ओढायला लागला, पुन्हा पेस्ट. मग आठवड्याने. मग दर दाढीला. शेवटी पेस्टवर पन्नास हात मारले तरी हनुवटीखालचे केस कापले न जाता उपटले जातात. वैतागून वस्तरा पथरीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर घातला, तर तिथेही काही फरक पडत नाही.

मी या वाटेने शेवटपर्यंत जाऊन आलोय. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की या दुखण्यात चांगले, जुने वस्तरे उगाच 'गेले' म्हणून पेटीत पडतात. बहुतेक वेळा पातं उत्तम असतं. बिघडलेलं असतं फक्त धारेचं टोक. ते गोल झालेलं असतं, आणि ती गोलाई पट्ट्याने केलेली असते.

माझा वस्तरा आजोबांचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा. साताऱ्याजवळच्या गावात त्यांचं केशकर्तनालय होतं, ते आता काका चालवतात. काकांच्या दुकानातही आता गिऱ्हाइकाला ब्लेड बदलायचाच वस्तरा लागतो, पण खुर्चीशेजारच्या खिळ्याला आजोबांचा पट्टा अजून टांगलेला आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा वस्तरा आणि मी विकत घेतलेला पट्टा, दोन्ही सोबत नेले. काकांनी वस्तऱ्याकडे पाहिलंच नाही. पट्टा उलगडला, खिडकीच्या गजाला अडकवला, दुसरं टोक मुठीत धरून ताणला आणि मला म्हणाले, "मधोमध बोट ठेव. दाब." दाबलं. पट्टा बोटाखाली खाली गेला आणि बोटाच्या दोन्ही अंगांना वर चढला. "आता बोट बघ." बोटाला हिरवट-काळी पूड लागली होती.

"ही पूड पोलाद खाते का नाही?"

"खाते, काका."

"मग ही पथरी झाली की रे. लोंबती पथरी कुठं बघितलीस का?"

माझ्या तीन महिन्यांच्या घोळाचं कारण त्या एका प्रश्नात होतं. आता ते नीट उलगडून सांगतो, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो.

नुसत्या चामड्यावर वस्तरा फिरवला की पोलाद जवळजवळ झिजत नाही. दाढी करताना धारेची अतिशय पातळ कड इकडे-तिकडे वाकलेली असते, ती सरळ होते, पुसली जाते, थोडी चकाकते. इथे पट्ट्याला किंचित झोळ असला तरी बिघडत नाही, कारण कोन बदलेल इतकं काही घासलंच जात नाही. न्हाव्यांनी पिढ्यानपिढ्या टांगता पट्टा वापरला तो याच भरवशावर.

पेस्ट लावली की मामला बदलतो. हिरव्या पेस्टमधला क्रोमियम ऑक्साइड कठीणपणाच्या मोह्स मापावर (हिरा १०) ८ ते ८.५ इतका कठीण असतो. वस्तऱ्यासाठी विकतात तो साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरचा दोन हजारावा भाग. कण बारीक आहे म्हणून तो सौम्य आहे असं वाटतं, पण तो पोलाद कापतो. पट्ट्यावर उमटणाऱ्या काळ्या रेघा म्हणजे तुमच्या वस्तऱ्याचंच पोलाद. हिऱ्याची पेस्ट किंवा स्प्रे असेल तर हे काम आणखी झपाट्याने होतं.

आता कोनाकडे या. वस्तऱ्याची रचना मोठी हुशारीची आहे. पाठ जाड आणि धार पातळ. पथरीवर ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतात, आणि धारेचा कोन पाठीच्या जाडीने ठरतो. पातं १९ मिलीमीटर रुंद आणि पाठ ५.५ मिलीमीटर जाड असेल तर एकूण कोन १६.६ अंश येतो, म्हणजे एका बाजूला ८.३ अंश. हा कोन हाताने सांभाळावा लागत नाही, पाठ तो सांभाळते. अट एकच, खालचा पृष्ठभाग सपाट हवा.

टांगत्या पट्ट्याचं तसं नसतं. कडीपासून मुठीपर्यंत ४५ सेंटीमीटर पट्टा आहे आणि वस्तऱ्याच्या दाबाने तो मधोमध १ सेंटीमीटर खाली गेला असं धरा. पाहणाऱ्याला तो ताठच दिसेल. पण वस्तऱ्याच्या दोन्ही बाजूंना पट्टा अडीच अंशांनी वर चढलेला असतो. पाठीकडच्या चढाने काही होत नाही. धारेकडचा चढ मात्र धारेच्या टोकाला वळसा घालतो, म्हणून तिथे पेस्टचा कण ८.३ ऐवजी पावणेअकरा अंशांपर्यंतच्या कोनात घासतो. दोन्ही बाजू धरल्या तर १६.६ अंशांचं टोक २१ अंशांच्या पुढे जातं. आणि एवढा झोळ पडायला लागतं किती? पट्टा दोन किलोच्या जोराने ताणला असेल तर १८० ग्रॅमचा दाब पुरतो. हातातल्या फोनचं वजन जवळपास तेवढंच असतं. पाच किलोच्या जोराने ताणलात तरी झोळ ४ मिलीमीटर राहतो आणि कोन एक अंशाने वाढतो. कमी होतो, पण शून्य कधीच होत नाही.

पहिल्यांदा पेस्ट लावल्यावर जादू का होते, तेही यातच आहे. कोन वाढल्यामुळे फक्त टोकाचा केसाएवढा भाग घासला जातो. घासायला माल थोडा, म्हणून वीस हातांत ताजी, लख्ख कड तयार होते. पुढच्या वेळी तीच गोलाई थोडी रुंद होते, त्याच्या पुढच्या वेळी आणखी. टोक जाड होत जातं आणि दर वेळी धार आधीपेक्षा कमी दिवस टिकते. टोकामागचा सपाट उतार, म्हणजे धारेलगतची पथरीवर घासलेली पट्टी, जसाच्या तसा असतो. म्हणून पथरीवर घातलं की पथरीला पाठ टेकते, उतार टेकतो, पण धारेचं टोक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही तासभर घासता आणि घासला जातो तो भलताच भाग. 'पथरीवरही लागत नाही' याचा अर्थ हा.

निदान कसं करायचं? अंदाजावर जाऊ नका, दोन चाचण्या पाच मिनिटांत होतात.

पहिली मार्करची. पक्क्या शाईचा काळा मार्कर घेऊन धारेच्या दोन्ही उतारांवर, अगदी टोकापर्यंत शाई लावा. वाळू द्या. मग ४००० किंवा ८००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा, तितकी पथरी बारीक) सपाट, ओल्या पथरीवर पाठ आणि धार टेकवून, काहीही जोर न लावता, दोन फेऱ्या मारा. आता भिंगाखाली बघा. घड्याळजी डोळ्याला लावतात तशी दहापट दाखवणारी भिंग पुरते. शाई टोकापर्यंत पुसली गेली असेल तर तुमचा कोन शाबूत आहे, दुखणं दुसरं आहे. उतारावरची शाई गेली, पण अगदी कडेला काळी रेघ राहिली, तर टोक गोल झालेलं आहे. माझ्या वस्तऱ्यावर ती रेघ पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग होती, आणि मधोमध, जिथे मी पट्ट्यावर सर्वांत जास्त दाबत होतो, तिथे जाड होती. इतकी की भिंगाशिवायही दिसत होती.

दुसरी उजेडाची. एकच दिवा चालू ठेवून त्याखाली पातं सावकाश कलवा. चांगला उतार एकाच क्षणी, सगळाच्या सगळा चमकून उठतो. गोल झालेल्या धारेवर आधी उतार चमकतो, आणि पातं आणखी थोडं कलवल्यावर कडेला वेगळी, केसासारखी बारीक रेघ चमकते. एकदा ती दिसली की पुढे कधी विसरत नाही.

शाई टोकापर्यंत पुसली गेली असेल तर पट्ट्यावर वस्तरा कसा उलटता ते तपासा. नव्या माणसाची ही सर्वांत मोठी चूक असते, आणि ती पेस्टच्या माथी मारली जाते. पट्ट्याच्या टोकाला वस्तरा पाठीवरून उलटायचा असतो, पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही. घाईत धार आधी वळते आणि टेकते, तिथेच ती मरते. आधी थांबा, मग पाठीवर उलटा, मग निघा. वेग महिन्यांनी आपोआप येतो.

टोक गोल झालंय हे नक्की झालं, तर आता वस्तरा पुन्हा उभा करू.

आधी पथरी सपाट आहे का ते बघा. पथरीवर पेन्सिलीने चौकटी आखा, जाड काचेवर चिकटवलेल्या सँडपेपरवर पाण्यासोबत फिरवा. सगळ्या रेघा एकदम जायला हव्यात. मधल्या राहिल्या तर पथरीला खळगा आहे, आणि खळग्याच्या पथरीवर हेच दुखणं वेगळ्या वाटेने परत येतं.

पुष्कळजण इथे पाठीवर इलेक्ट्रिकची टेप चिकटवायला सांगतात, म्हणजे पाठ जाड होऊन कोन वाढेल आणि पथरी टोकाला पोहोचेल. हिशोब करून बघा. टेपची जाडी ०.१५ मिलीमीटरच्या आसपास, त्याने १९ मिलीमीटरच्या पात्याचा कोन एका बाजूला अर्धा अंशही वाढत नाही. गोलाई कोवळी असेल, म्हणजे दोन-चारदाच पेस्ट झाली असेल, तर याने काम भागतं. तीन महिन्यांच्या गोलाईला नाही. मी टेप न लावता, मूळ कोनावरच, उतार नव्याने बसवायच्या मताचा आहे. वेळ लागतो, पण कोन हिशोबात राहतो.

सुरुवात ४००० किंवा ५००० ला करा. शाई लावून तीस-चाळीस फेऱ्या मारा. कडेची रेघ बारीक होत असेल तर तिथेच चालू ठेवा. हलत नसेल तर १००० वर जा. काहीजण आधी धार काचेच्या पेल्याच्या गुळगुळीत अंगावरून, वस्तऱ्याच्या वजनानेच, एकदाच ओढून घेतात. त्याने कमकुवत कड निघून जाते आणि धारेवर समोरून बघितलं की एक चकाकती रेघ दिसते. ही रेघ फार उपयोगी आहे. १००० वर काम करत राहायचं आणि रेघ कुठे कुठे मावळते ते बघायचं. जिथे मावळली तिथे दोन्ही उतार टोकाला भेटले. सगळीकडे मावळली की १००० चं काम झालं, त्यानंतर तिथे एकही जास्तीची फेरी नको. पेला मात्र नंतर पाणी प्यायला वापरू नका.

दाब किती, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. १००० वर अंगठ्याने कपाळावरचं गंध पुसावं इतका. पुढच्या प्रत्येक पथरीवर तो कमी करत जा, ८००० ला पोहोचेपर्यंत वस्तऱ्याचं स्वतःचं वजनच उरलं पाहिजे. फेरी मारताना धार पुढे, पाठ मागे. पट्ट्यावर याच्या उलट, पाठ पुढे. पथरीची सवय हाताला असताना पट्ट्यावर गेलं की पट्टा कापला जातो, माझ्या पट्ट्यावर तसा एक चीर अजून आहे.

१००० नंतर ४०००, मग ८०००, आणि असेल तर १२०००. प्रत्येक पायरीवर आधीच्या पथरीचे ओरखडे पुसले गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. मला सगळं मिळून दीड तास लागला. शेवटी स्वच्छ चामड्यावर पन्नास फेऱ्या. त्या दिवशीची दाढी मी पेस्टशिवाय केली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हनुवटीखाली उलटा हात फिरवता आला.

आता पट्ट्याचं काय? पेस्ट लावलेलं चामडं पूर्ण स्वच्छ होत नाही, हे आधीच सांगतो. कमी करता येतं. स्टीलच्या पट्टीच्या कडेने वरचा थर खरवडायचा, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब बसून व्हाइट पेट्रोलच्या फडक्याने तीन-चारदा पुसायचं, दर वेळी नवं फडकं. मग लाकडाच्या ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून आधी ३२० ने आणि नंतर ६०० ने हलक्या हाताने घासायचं. दोन दिवस सावलीत वाळवून चामड्याच्या तेलाचे मोजके थेंब, आणि पुढे रोज तळहाताने घासणं. एवढं करूनही चामड्याच्या छिद्रांत हिरवा रंग राहतो. म्हणून मी माझ्या पट्ट्याशी झटापट केली नाही. चीर गेलेला भाग सोडून त्याचे दोन तुकडे केले, प्रत्येकी २५ सेंटीमीटरचे, आणि सपाट प्लायवूडच्या फळ्यांवर फेविकॉलने चिकटवून, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबले. पेस्टची जागा ती. टांगायला नवा पट्टा घेतला आणि त्याला पेस्टचा डबाही दाखवला नाही.

नवा पट्टा कोल्हापूरच्या ओळखीच्या कारागिराकडून करून घेतला. कोल्हापुरी चपलेला लागणारं झाडपाल्यावर कमावलेलं, बाभळीची साल आणि हिरड्यातलं म्हशीचं चामडं, त्यातला जाड आणि एकसारखा तुकडा. सुरुवातीला ते कडक असतं. महिनाभर तळहाताने घासून मऊ केलं की वस्तऱ्याला हवा तसा मंद ओढा देतं. बाजारात 'क्रोम चामडं' असंही मिळतं. ते ऐकून काहीजणांना वाटतं की त्यात क्रोमची पेस्ट आधीच असते. तसं नाही. क्रोम चामडं क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं, त्यात घासणारे कण नसतात.

फळी आणि पट्टा यांतला फरक नवा नाही. इंग्लंडमध्ये जुन्या काळी चौकोनी लाकडी दांड्यासारखे, चार बाजूंना चार पृष्ठभाग असलेले पट्टे मिळत आणि घासणारा लेप त्यांतल्या काही बाजूंना असे. आतलं लाकूड झोळ पडू देत नाही. सोलिंगेनकडे चामडं स्क्रूने ताणून बसवलेली चौकटही बनते. तिच्यात थोडा झोळ मुद्दाम ठेवलेला असतो आणि तिच्यावर पेस्ट लावून वर्षानुवर्षं उत्तम दाढी करणारे लोक आहेत. टांगत्या पट्ट्याच्या कापडी बाजूला, कॅनव्हासला, हिरवी पूड लावणारेही पुष्कळ आहेत. त्यांना मी चूक म्हणणार नाही. कॅनव्हास चामड्यापेक्षा कमी दबतो, ते लोक तो घट्ट ताणतात, पाच-सात हातच मारतात, आणि मुख्य म्हणजे वेळच्या वेळी पथरीवर परत जातात. हाताला तेवढी शिस्त असेल तर कॅनव्हास चालेल. चामड्याची बाजू मात्र त्यांच्याकडेही स्वच्छच असते.

फळीवर चामड्याऐवजी बाल्साचं लाकूडही उत्तम. विमानाची मॉडेल करण्याचं सामान मिळतं त्या दुकानात पट्ट्या मिळतात. काचेवर सँडपेपर ठेवून त्यावर बाल्सा सपाट घासून घ्या आणि पूड बोटाने चोळा. जाड, गादीसारखं चामडं फळीवर लावलं तर तेही दाबाखाली खचून तोच वळसा घालतं, म्हणून फळीवरचं चामडं पातळ आणि कडक असावं.

पेस्ट किती लावायची यात सगळे चुकतात, मीही चुकलो. २५ बाय ७ सेंटीमीटरच्या फळीला मसुराच्या दाण्याएवढी पूड पुरे. बोटाने सगळीकडे पसरली की फळी हिरवी रंगवल्यासारखी दिसता कामा नये, हिरवट झाक यावी इतकंच. कांडी असेल तर चार-पाच तिरप्या रेघा. जाड थर लावला की कण पोलादावर घासण्याऐवजी आपापसांत लोळतात, थराचे ढेकूळ होतात आणि धार त्यांत रुतते. पूड हाताळताना पंखा बंद ठेवा आणि नाकाशी धरू नका. फळी काळी आणि काचेसारखी चकचकीत झाली की खरवडा आणि पुन्हा एक दाणा लावा.

फेऱ्या आठ ते दहा, वस्तऱ्याच्या वजनाने. मग पातं कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, पुसा, आणि मगच स्वच्छ टांगत्या पट्ट्यावर, आधी कॅनव्हासवर वीस-तीस, नंतर चामड्यावर पन्नास फेऱ्या. धुतल्याशिवाय गेलात तर पात्यावरची पूड पट्ट्यावर जाते आणि चार महिन्यांत तुमचा स्वच्छ पट्टा नावापुरता स्वच्छ राहतो. दोन वेगळ्या पेस्ट असतील तर फळ्या वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एका पट्ट्याच्या दोन बाजूंना दोन पेस्ट लावून तो गुंडाळून ठेवण्याचा प्रकार तर करूच नका, गुंडाळल्यावर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि जाड कण बारीक पेस्टमध्ये येतो.

हिरव्या पेस्टनंतर काहींना दाढी चरचरीत लागते, तुरटी लावली की गाल पेटतात. धार तिखट असते, पण त्वचेला टोचते. मला दुसऱ्या फळीवरचा लाल आयर्न ऑक्साइड इथे उपयोगी पडला. सोनारांच्या पॉलिशमधला लाल तो हाच. क्रोमियम ऑक्साइडपेक्षा मऊ. पाच फेऱ्या हिरव्यावर, दहा लालवर, मग चामडं. चरचर गेली.

माझा हिशोब असा बसला आहे: वस्तरा ओढायला लागला की फळी. साधारण सहा आठवड्यांनी वेळ येते. तीनदा फळी झाली की चौथ्या वेळी फळी नाही, पथरी. ८००० किंवा १२००० वर पंधरा फेऱ्या. सपाट फळीवरही अगदी थोडी गोलाई येतेच, ती साचायच्या आत पथरीने पुसून टाकायची. दर तीन महिन्यांनी मार्करची चाचणी करतो.

काही दुखणी याच दुखण्यासारखी दिसतात. हार्डवेअरच्या दुकानातली पॉलिशची हिरवी कांडी स्टीलच्या वस्तू बफिंग मशीनवर चमकवायला असते. रंग हिरवा असला तरी तिच्यात बरेचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे मोठे कण असतात, आणि धारेवर भिंगाखाली करवतीसारखे ओरखडे दिसतात. टूथपेस्ट पट्ट्याला लावण्याचा घरगुती उपायही तसाच. तिच्यातला खडू किंवा सिलिका दातांसाठी मोजलेली आहे, कण लहान-मोठे असतात. या दोन्हींवर उपाय एकच, पट्टा बदला आणि ४००० पासून सुरू करा. आणि मुळात ज्या वस्तऱ्याचा उतार कधी नीट बसलाच नव्हता, नवा घेतल्यापासून ओढतच होता, त्याला कुठलीच पेस्ट वाचवणार नाही. त्याला १००० दाखवा.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं, आणि कोकणात तर ते पेस्टपेक्षा जास्त वस्तरे खातं. जुने चांगले वस्तरे कार्बन पोलादाचे असतात, गंजतात. धारेच्या टोकाला सुईच्या अग्राएवढे गंजाचे खड्डे पडले की कड तिथून कुरतडल्यासारखी तुटते. पथरीवर लखलखीत होते, दोन दाढ्यांत पुन्हा ओढते. भिंगाखाली उतारावर काळे ठिपके दिसले आणि त्यांतला एखादा थेट कडेपर्यंत पोहोचलेला असेल तर हे ते दुखणं. ठिपका संपेपर्यंत १००० वर पोलाद काढावं लागतं, दुसरा मार्ग नाही. काढताना पाठही सोबत घासली जाते, त्यामुळे कोन जवळजवळ तोच राहतो.

जून ते सप्टेंबर मी दाढीनंतर पातं धुऊन, आधी टॉवेलने आणि मग पट्ट्याच्या कॅनव्हासवर दोन-चार फेऱ्यांनी पुसून, उघडं ठेवून तासभर वाळवतो. मग शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटाने दोन्ही अंगांना. आजोबा खोबरेल लावायचे, पण ते काही दिवसांनी चिकट होतं आणि थंडीत थिजतं. वस्तरा मिटताना तेल मुठीच्या फटीत, खिळ्याशीही जाऊ द्या, गंज तिथूनच सुरू होतो. पट्टा न्हाणीघरात टांगू नका. त्यावर पांढरी बुरशी आली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात टाकलात तर चामडं कडेने वाकतं, आणि वाकलेल्या पट्ट्यावर पातं टोकापासून मुठीकडच्या टाचेपर्यंत एकसारखं टेकत नाही.